घरच्या शाळेत जून कधी येतो?

७ एप्रिल २०२५ ची सकाळ. आठ वाजायच्या आत शेजारचा मुलगा दप्तर पाठीला लावून निघाला आणि आम्ही सोप्यावर चहा पीत त्याच्याकडे बघत राहिलो. पाचवीचं प्रगतिपुस्तक त्यांच्या टेबलावर अजून तसंच पडलेलं, आणि हा सहावीत बसायला चाललेला. त्या वर्षी गोवा सरकारनं सहावी ते दहावी आणि बारावीचं वर्ष जूनऐवजी एप्रिलात सुरू केलं. कारण सांगितलं ते नव्या शैक्षणिक धोरणाचं. पालकांनी उन्हाच्या नावानं बरीच ओरड केली, पण शाळा सुरू झाल्याच. एप्रिलभर सकाळचे वर्ग, मग मे महिन्याची सुट्टी, मग जूनमध्ये पुन्हा तोच वर्ग.

माझी मुलगी तेव्हा साडेनऊ वर्षांची. ती घरीच शिकते. कपातला पाव बाहेर काढत तिनं विचारलं, "आई, मग मी आता कितवीत?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. गणितात तिनं चौथीचं पुस्तक नुकतंच संपवलं होतं. मराठीत ती रोजचा पेपर वाचते, आजीच्या कपाटातली पुस्तकं चाळते; त्याला कुठली इयत्ता लावणार? इंग्रजी दुसरी-तिसरीच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळत होतं. परिसर अभ्यासाचं पुस्तक तिनं धड उघडलंही नव्हतं, पण कुळागरातली, म्हणजे आमच्या बागायतीतली, माड, पोफळ, मिरवेल, जायफळ सगळी तिला ठाऊक आणि पाणी कुठल्या पाटानं कुठे वळवायचं तेही. त्यात आमची शाळा बारमाही. जूनला उघडत नाही, एप्रिलला मिटत नाही. मध्ये मध्ये चवथीला (म्हणजे गणेश चतुर्थीला), जत्रेला, कुणाच्या लग्नाला आठ-दहा दिवस थांबते आणि पुन्हा चालू लागते. अशा शाळेत पुढची इयत्ता नेमकी कुठल्या दिवशी लागते?

घरी मुलांना शिकवणाऱ्या आईबापांच्या बैठकीत हा प्रश्न निघाला की दोन तट पडतात. पहिल्या तटाचं म्हणणं, पुस्तक संपलं की दुसऱ्या दिवशी पुढचं पुस्तक, थांबायचं कशाला? दुसरा तट म्हणतो, इयत्ता हीच शाळेची बेडी, घरी आणता कशाला? दोन्ही तटांशी माझं जमत नाही, आणि पहिल्या तटात मी स्वतः वर्षभर उभी होते म्हणून त्याच्याबद्दल जरा जास्त बोलेन. माझं मत असं की कागदावरची इयत्ता वयाप्रमाणे, सरकारी शाळांची बदलते त्या दिवशी, मुकाट्यानं बदलावी. शिकण्यातली पायरी मात्र विषयागणिक वेगळी चढावी, आणि तीही पुस्तक संपल्यावर नव्हे, तर संपलेलं पुस्तक एका सुट्टीतून पार पडल्यावर.

इयत्ता म्हणजे एक वर्ष, हे आपण इतकं गृहीत धरलंय की त्यापलीकडे काही होतं हेच आठवत नाही. माझे आजोबा पोर्तुगीज अमदानीत गावच्या देवळाच्या पडवीत मराठी शिकले. ते कधीच "मी तिसरीत होतो" म्हणत नसत. "तिसऱ्या पुस्तकात होतो" म्हणत. पुस्तक संपलं, मास्तरांची खात्री पटली की चौथं पुस्तक. कुणाचं सहा महिन्यांत संपे, कुणाचं दोन पावसाळे चाले. आणि पोर्तुगीज शाळेत गेलेल्यांच्या तोंडी "सेगुंद ग्राव" असायचं. तो काही वर्ग नव्हे, परीक्षेचा टप्पा. सेगुंद ग्राव झालेला माणूस गावात पत्र वाचून दाखवू शके, अर्ज लिहू शके; ते त्यानं कितव्या वर्षी केलं हे कुणी विचारत नसे. १९६१ च्या मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव सरकारी मराठी शाळा उघडल्या. हजारो मुलं एकदम शाळेत आली तेव्हा त्यांना वर्षाच्या पट्ट्यानं मोजण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्या शाळांनी जे केलं त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे, माझी आई त्यांतल्याच एका शाळेतून शिकली आणि पुढे तसल्याच शाळेत बाई झाली. पण वर्षाचा पट्टा ही गर्दी सांभाळायची सोय होती. माझ्या सोप्यावर दोनच मुलं बसतात.

आता आकड्यांकडे येऊ, कारण पहिल्या तटाची सगळी मिजास आकड्यांवरच उभी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास सांगितलेत. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. त्याच कायद्यात पाचवीपर्यंत साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक. आमच्या घरी दिवसाला अडीच तास, वर्षाकाठी २८० दिवस म्हटले तर ७०० तास होतात. कागदावर शाळेपेक्षा कमीच. पण त्यात हजेरी नाही, प्रार्थना नाही, मागच्या बाकावरच्या मुलाला गप्प करणं नाही, आणि एका आईसमोर दोनच मुलं. शाळेचं वर्षाचं पुस्तक घरी सात-आठ महिन्यांत संपतं. कुणाचंही संपतं. त्यात मुलाची हुशारी नाही की आईची कर्तबगारी नाही. हे मला उशिरा कळलं.

त्याची गोष्ट सांगते. २०२४ च्या जानेवारीत मुलीचं तिसरीचं गणित संपलं. कागदावर ती तिसरीतच होती, जून यायला पाच महिने होते. मी दुसऱ्या दिवशी चौथीचं पुस्तक उघडलं. भागाकार, अपूर्णांक, सगळं भराभर. एप्रिलअखेर अर्धं पुस्तक झालं. मी नणंदेला फोन करून सांगितलंसुद्धा, सहज सांगितल्यासारखं, की हिचं चौथीचं चाललंय. मे महिन्यात मुलं माझ्या माहेरी, सत्तरी तालुक्यात, वीस दिवस राहिली. काजूच्या बिया वेचल्या, फणस फोडले, आमसुलं सुकवली, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या, खटपटीत आजीच्या मागेपुढे केलं. परत आल्यावर मी वहीत लिहिलं: चौऱ्याऐंशी भागिले चार. मुलगी पेन्सिल चावत बसली. मग तिनं चौऱ्याऐंशी रेघा ओढायला सुरुवात केली.

माझी आई शेजारी सुपारी कातरत बसली होती. तीस वर्षं तिनं एकशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एका खोलीत शिकवलं. ती म्हणाली, "पुस्तक संपलं गो, धडा कुठे संपला?" आणि मग, मला लागेल असं, "तू तिला वर चढवली नाहीस. तू तिला ढकललीस."

मी चिडले. दोन दिवसांनी वही काढून नीट पाहिलं तर तिचं बरोबर होतं. जानेवारीपर्यंतची तिसरीची बेरीज-वजाबाकी शाबूत होती, कारण ती मधल्या वर्षभरात चवथीच्या, दिवाळीच्या, गावच्या जत्रेच्या सुट्ट्यांतून पार पडली होती. फेब्रुवारी ते एप्रिल जे ओतलं त्यातलं बहुतेक वाहून गेलं होतं, कारण ते कुठल्याच सुट्टीतून गेलं नव्हतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं स्वतःवरच निरर्थक अक्षरांचे प्रयोग करून विसरण्याचा हिशेब १८८५ साली छापला. शिकल्यावर पहिल्या तासांत, पहिल्या दिवसांत सर्वांत जास्त गळती, मग ती मंदावते, हा त्याचा हिशेब. मध्ये वेळ जाऊ देऊन केलेली उजळणी एका दमात केलेल्या घोकंपट्टीपेक्षा टिकते, हेही त्यानंच दाखवलं. आमच्या पंतोजींना एबिंगहाउस ठाऊक नव्हता, पण संध्याकाळची परवचा, रोज म्हणायचे पाढे, ठाऊक होती.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे आणि याच नियमासाठी हा लेख लिहायला घेतला. पुस्तक संपलं की ते मिटून ठेवायचं. त्या विषयात नवीन काही उघडायचं नाही, पुढची लहानमोठी सुट्टी येईपर्यंत. तोवर इतर विषय चालू, आणि त्या विषयातलं वापरायचं काम घरात असतंच: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सव्वा किलो आणि पाऊण किलो, माडाचे नारळ शेकड्यानं मोजणं, बाबांच्या स्कूटरचं पेट्रोल. मग आठ-दहा दिवसांची सुट्टी. सुट्टीत गणिताचं नावही काढायचं नाही. परत आल्यावर, कुठलीही तयारी न करता, चार-पाच उदाहरणं. त्यांतली बहुतेक जमली तर पुढचं पुस्तक, नाही जमली तर तेच पुन्हा, पण दुसऱ्या वाटेनं. बारमाही शाळा चालवणाऱ्यांना हे फार सोपं आहे. शाळेला वर्षातून एकच मोठी सुट्टी मिळते आणि ती विसरण्याची म्हणून बदनाम आहे. आपल्याकडे पाच-सहा छोट्या सुट्ट्या असतात. त्या परीक्षेसारख्या वापरता येतात, आणि मुलाला ती परीक्षा आहे हे कळतही नाही.

बारमाही म्हणजे सुट्टीच नको, असा अर्थ काढणारेही भेटतात. कुणी अभिमानानं सांगतं, आम्ही ३६५ दिवस शिकतो. मला त्या मुलांची कीव येते. शेताला पाणी बारमाही असलं तरी माणूस रोज नांगरत नाही.

आता मुलाला पुढे नेण्याची घाई करणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, पुढे म्हणजे कुठे? घरी शिकणारी बरीच मुलं दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे लोकांच्या तोंडी एनआयओएसमधून देतात. १९८९ साली ही संस्था सुरू झाली. तिथे दहावीला वय किमान १४ लागतं, बारावीला किमान १५. डॉक्टर व्हायचं असेल तर नीट या प्रवेशपरीक्षेला प्रवेशाच्या वर्षअखेर १७ पूर्ण हवीत. मुलगी नवव्या वर्षी सहावीचं गणित करते म्हणून यांतलं एकही दार लवकर उघडत नाही. शालेय खेळांचे गटसुद्धा जन्मतारखेवर पडतात. मिळवलेले महिने कुठल्याच बँकेत जमा होत नाहीत. फार तर नणंदेला फोन करता येतो.

त्याच संस्थेकडून शिकण्यासारखी गोष्ट मात्र दुसरी आहे. दहावीच्या आधी तिथे दरवर्षीची इयत्ताच नाही. मुक्त प्राथमिक शिक्षणाचे तीन टप्पे आहेत: एक तिसरीच्या तोडीचा, दुसरा पाचवीच्या, तिसरा आठवीच्या. दहावीला आल्यावर विद्यार्थ्याला पाच वर्षांत नऊ संधी. या वेळी मराठी आणि चित्रकला द्यावी, पुढच्या वेळी गणित. म्हणजे केंद्र सरकारच्याच एका संस्थेनं मान्य केलंय की एका मुलाच्या डोक्यात पाच विषय एका पावलानं चालत नाहीत. तरीही आपण घरी बसून "ही चौथीत की पाचवीत" यावर डोकं शिणवतो.

इथे दुसरा तट टाळ्या वाजवायला उठेल. इयत्ता नकोच ना? थांबा.

इयत्ता नको म्हणणाऱ्यांचं आवडतं उदाहरण म्हणजे सांखवाळचे बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी. शाळेचं शिक्षण नावापुरतं, १८९९ साली तेविसाव्या वर्षी घर सोडलं, पुणे, काशी, नेपाळ, सिंहल असं भटकत संस्कृत आणि पाली शिकले, आणि पुढे हार्वर्डमध्ये पाली ग्रंथाचं काम केलं. गोव्याच्या मातीतला असा माणूस दुसरा नाही. पण हे उदाहरण ऐकून ऐकून मला कंटाळा आलाय. धर्मानंद इयत्तेशिवाय शिकले म्हणून मोठे झाले नाहीत. ते गुरू शोधत उपाशी फिरले, भीक मागितली, आणि गुरू सापडल्यावर त्याच्या शिस्तीत बसले. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी, कोसबे गावात १९०७ साली जन्मलेले, रीतसर शाळा-कॉलेज करून हार्वर्डचे पदवीधर झाले. बापानं मुलाला इयत्तेबाहेर ठेवलं नाही, हे कुणी सांगत नाही.

शिवाय मोठ्यांच्या तत्त्वाची किंमत मूल मोजतं. आपल्याकडे "कितवीत आहेस?" हा प्रश्न "जेवलीस?"सारखा आहे. कदंबाच्या बसमधली म्हातारी विचारते, देवळात पुराणिक विचारतात, लग्नात अनोळखी मावशी विचारते. त्यात चौकशी नसते, माया असते. माझ्या मुलीनं एका लग्नात उत्तर दिलं, "मी इयत्तेत नाही, गणित चौथीचं करते, इंग्रजी तिसरीचं." त्या मावशीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मूल आजारी आहे. घरी येईपर्यंत मुलगी गप्प होती. तिला इयत्तेची गरज नव्हती, पण एका शब्दाच्या उत्तराची होती. मी पाठ केलेली तत्त्वं तिच्या तोंडी घातली होती, तीही चुकीच्या मांडवात.

इयत्ताच नसेल तर आणखी एक गोष्ट होते, जी आईबाप कबूल करत नाहीत. नावडता विषय अलगद मागे सुटतो. आमचं इंग्रजी असंच सुटलं. घरात कोकणी, वाचन मराठी. इंग्रजीला कुणी हाकच मारत नाही. प्राथमिक शाळांच्या माध्यमावरून आणि इंग्रजी शाळांच्या अनुदानावरून गोव्यात जी भांडणं झाली, २०११ मध्ये तर रस्त्यावर आली, त्यांत मी मातृभाषेच्याच बाजूनं होते आणि आजही आहे. पण मातृभाषेवरच्या प्रेमाखाली इंग्रजीचा आळस दडवता येतो, हे माझ्या घरात मी पाहिलं. कागदावर "पाचवी" लिहावं लागलं तेव्हा कुठे मला ते टोचलं. कागदाचा एवढा उपयोग आहे.

म्हणून कागदाला दिवस हवा. कुठला? १ जानेवारी हा फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरचा दिवस. वाढदिवस धरला तर केकबरोबर इयत्ता येते, आणि धाकट्याची इयत्ता कधी बदलणार यावरून भांडण. दसरा मला मनापासून आवडतो. पाटीपूजन, सरस्वती काढलेली पाटी, नव्या विद्येचा आरंभ त्या दिवशी करण्याची आपली जुनी रीत. पण दसऱ्याला इयत्ता बदलली तर शेजारच्या मुलाशी मेळ बसत नाही, आणि मुलांना मेळ हवा असतो. शेवटी आम्ही शाळा उघडते तो दिवस धरला. जूनमध्ये, पावसाची पहिली सर येऊन गेलेली, आम्ही वह्यांना खाकी कव्हरं घालतो, लेबलावर नाव आणि इयत्ता लिहितो, देवाला नमस्कार करतो. मग ज्याचा जो धडा अर्धा राहिला होता तोच पुढे सुरू करतो. लेबल पाचवीचं, आत चौथीचा भागाकार. मुलांना यात काही विसंगत वाटत नाही, विसंगत फक्त पाहुण्यांना वाटतं.

मुलगी सहावीत जाईल तेव्हा तो दिवस जूनऐवजी एप्रिलात येईल. येऊ दे. एका परिपत्रकानं इयत्ता दोन महिने अलीकडे सरकते, याचाच अर्थ ती प्रशासनाची गोष्ट आहे. तेवढ्यासाठी मुलीच्या डोक्यात काय शिजलंय आणि काय कच्चं आहे ते बदलत नाही. माझा राग एप्रिलवर नाही, उकाड्यावर आहे, आणि घरी निदान सकाळी सात वाजता बसता येतं.

इथवर घरातलं झालं. सरकारकडे एक मागणं आहे. शिक्षण हक्क कायद्याचं चौथं कलम सांगतं की सहा वर्षांवरचं मूल शाळेत नसेल तर त्याला त्याच्या वयाला साजेशा वर्गात घ्यावं, आणि बरोबरीला यावं म्हणून खास शिकवणीची सोय करावी. हे कलम लिहिताना डोळ्यांसमोर मजुरांची, स्थलांतरितांची मुलं होती, आमच्यासारखी नव्हे. हे मला ठाऊक आहे. घरशाळेचं नाव त्या कायद्यात नाही. पण घरून शाळेत परतणाऱ्या मुलालाही तोच मार्ग खुला असायला हवा. एका ओळखीच्या बाईंचा मुलगा दोन वर्षं घरी शिकून शाळेत परत जायला निघाला, तर शाळेनं मागच्या इयत्तेचा निकाल मागितला, आणि तो नाही म्हणून एक वर्ग खाली बसवायची तयारी दाखवली. वय सांगितलं, कलम सांगितलं, तेव्हा कुठे जमलं. हे प्रत्येक मुख्याध्यापकाच्या मर्जीवर का असावं? शिक्षण खात्यानं एकदाच स्पष्ट करावं: प्रवेश वयानं, आणि कुठल्या विषयात किती आधार लागेल ते पाहायला शाळेनं तासभर मुलाशी बोलावं. एवढं झालं तरी घरशाळावाल्या आईबापांची निम्मी घाई उतरेल. आज ती बरीचशी धाकापोटी आहे: उद्या परत पाठवावं लागलं तर मूल मागे पडू नये, म्हणून आत्ताच पुढे पळवा.

एक आक्षेप राहतो आणि त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. तो माझ्या आईचाच आहे. तिच्या जुन्या शाळेचा पट दरवर्षी खाली येतोय. गोव्यातल्या कितीतरी सरकारी मराठी आणि कोकणी प्राथमिक शाळा अशाच मुलांअभावी मिटल्या किंवा शेजारच्या शाळेत मिसळल्या. "तुझी दोन मुलं तिथे असती तर," ती वाक्य पुरं करत नाही. आणि खरी मौज अशी की मी घरी जे करते ते सगळं तिच्याच खोलीतलं आहे. त्या एका खोलीत चार इयत्ता एकमेकींचं ऐकत बसायच्या. दुसरीतला मुलगा चौथीच्या कवितेला ठेका धरायचा, चौथीतली कच्ची मुलगी पहिलीच्या पोरांना पाढे म्हणवता म्हणवता स्वतः शिकायची, आणि बाईंना सगळं दिसायचं. पटावर इयत्ता होती, खोलीत नव्हती. लोक त्या शाळांना गरीब समजून मुलं काढून मोठ्या इमारतींत घेऊन गेले. मी मुलांना काढून सोप्यावर बसवलं. आईच्या हिशेबी दोघांत फारसा फरक नाही, आणि रात्री झोप येत नाही तेव्हा मलाही तो दिसत नाही. माझी कारणं मला आहेत, धाकट्याच्या तब्येतीची, घरापासूनच्या अंतराची. पण कारणं सांगून पट वाढत नाही. अशा शाळांनी आठवड्याचे दोन दिवस घरशाळेतल्या मुलांना बसू दिलं असतं तर मी आनंदानं पाठवलं असतं. आज तशी सोय नाही. ती व्हावी म्हणून गावच्या पालक-शिक्षक संघात मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा चहा आला आणि विषय गेला.

गावच्या जत्रेला मुलांचं नाटक बसतं, तिथे मात्र हा प्रश्न कुणाला पडत नाही. दिग्दर्शक काका आवाज ऐकतात, पाठांतर किती टिकतं ते पाहतात आणि भूमिका देतात. बारा वर्षांचा भालदार असतो आणि नऊ वर्षांची जिजाऊ. पुढच्या वर्षी उलट होऊ शकतं, कुणाचा अपमान होत नाही.

या चवथीला माझी आई आमच्याकडे होती. गणपती पोचवून झाले, माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीची, फळं वाटून झाली, दहा दिवस वहीला कुणी हात लावला नव्हता. मुलीचं पाचवीच्या गणिताचं पहिलं पुस्तक चवथीच्या आधीच संपलं होतं आणि दुसरं कपाटात कव्हर घालून तयार होतं. आईनं सुपारी कातरता कातरता सव्वाचा पाढा विचारला, "तीन सवाय?"

"पावणेचार."

"पाच सवाय?"

"सव्वासहा."

"सात सवाय?"

मुलगी माटोळीच्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिली. बोटं हलली, ओठ हलले. मी तोंड उघडणार तोच आईनं अडकित्त्यानंच मला गप्प बसायची खूण केली. बराच वेळ गेला.

"राहू दे गो बाय," आई म्हणाली. "दिवाळी झाल्यावर विचारते."